जुन्या क्राउन-पिनियनची जुळणी
मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन व पिनियन कारखान्यातच परस्परांवर घासून जुळविलेले असल्याने एकटे पिनियन बदलण्याची काटकसर बहुधा अंगलट येते. वापरलेली जोडी पुनश्च बसविताना, नव्या जोडीकरिता पुस्तिकेत मुक्रर केलेला, सामान्यतः ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या आसपासचा बॅकलॅश हट्टाने साधण्यापेक्षा, खोलण्यापूर्वी डायल गेजवर मोजून ठेवलेलाच कायम राखणे श्रेयस्कर. कारण झिजलेले दाते अधिक खोल रुतविले, की त्यांचे जुने स्पर्शस्थान ढळते आणि अ‍ॅक्सल घोंघावू लागतो, हे उतावळ्या मिस्त्रीस सहसा पटत नाही. पिनियनची खोली शिम घालून ठरवावी, आणि दात्यांना रंग फासून उमटणारा ठसा कडेला न सरकता मध्याच्या आसपास राहतो काय, हे पाहावे. बेअरिंगे जुनीच असल्यास त्यांचा प्रीलोड नव्यांच्या सुमारे निम्मा पुरतो.