श्वासनळ्या ‘रुंद’ झाल्या, म्हणजे चांगलं झालं का?

वसई पूर्वेच्या वालीवमध्ये सकाळी गाळ्यांवर कामाला निघालेल्या बायकांची लगबग असते. दिवसभर काम, घरी आलं की पुन्हा स्वयंपाक. अशा धावपळीत सुका खोकला महिनोन्महिने राहिला, तरी ‘धुळीचा असेल’ म्हणून आपण तो अंगावर काढतो. जिना चढताना दम लागला, की ‘वय झालं’ म्हणतो. मग कधीतरी डॉक्टर छातीचा एचआरसीटी स्कॅन सांगतात आणि रिपोर्टात एक अवघड शब्द येतो : ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस. म्हणजे श्वासनळ्या रुंद झाल्यात. मनात येतं, मग हवा जास्त जाईल, बरंच झालं की!

तसं नाही, मैत्रिणींनो. रफू करताना दोरा फार ओढला, तर आजूबाजूचं कापड ताणलं जातं ना? फुफ्फुसात व्रण पडले, की ते आक्रसतात आणि शेजारच्या नळ्यांना चहूबाजूंनी ओढतात. नळी रुंद होते ती या ओढीनं. म्हणजे ही रुंदी व्रणांची खूण आहे.

स्कॅनवर ती ओळखतात कशी? निरोगी नळी झाडाच्या फांदीसारखी बाहेर जाताना बारीक होत जाते आणि फुफ्फुसाच्या कडेच्या साधारण एक सेंटिमीटर भागात दिसतही नाही. इथे ती निमुळती होत नाही, वेडीवाकडी दिसते, कडेपर्यंत पोचते. शेजारच्या रक्तवाहिनीपेक्षा ती मोठी झाली, की आडव्या छेदात खड्याची अंगठीच दिसते : नळी म्हणजे वळं, रक्तवाहिनी म्हणजे खडा. आजूबाजूला व्रणांची जाळीही असते. जंतुसंसर्गानं नळ्या रुंदावतात तो प्रकार वेगळा. त्यात बहुधा भरपूर कफ पडतो.

व्रण कशानं पडतात? जुना टीबी, सांध्यांचे काही आजार, दगडाची बारीक धूळ अशी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. पण काही वेळा ते घरातच असतं. फुफ्फुसांच्या अशा आजारांची १९ शहरांतल्या २७ केंद्रांची नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्के जणांचा आजार श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीचा होता, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आला होता. कबुतरांची विष्ठा, पिसं आणि भिंतीची बुरशी यांनीही असा आजार होतो.

पडलेले व्रण पुसता येत नाहीत. पण कारण वेळीच दूर केलं आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधं घेतली, तर आजाराचा वेग अनेकदा कमी करता येतो. म्हणून खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर तपासून घ्या. जुन्या एक्स-रे फिल्म जपून ठेवा. व्रण वाढतोय की तसाच आहे, हे तुलनेनंच कळतं. दिवस गेल्याची शंका असेल, तर स्कॅनआधी सांगा. आणि गाळ्यातली धूळ, खिडकीतली कबुतरं, घरातली ओल हे सगळं डॉक्टरांना न विचारता सांगा. घरातल्या प्रत्येकाच्या खोकल्याकडे आपलं लक्ष असतं. एकदा स्वतःच्याही खोकल्याकडे द्या!