हायब्रीड जीपचा शाफ्ट : नावावर जाऊ नका, माप घेऊन जा

बियाण्याची पिशवी घेताना आपण आधी तिच्यावरची जात वाचतो. पिशवीवर लिहिले तेच आत आहे, या भरवशावर पेरणी करतो. तुमच्या दारातल्या जुन्या जीपचे मात्र तसे नाही. आर. सी. बुकात नाव एक, चेसिस एका गाडीची, गिअरबॉक्स लिलावातला आणि मागचे हौसिंग भंगार बाजारातले. गावात अशा गाडीला कुणी खिचडी म्हणते, कुणी हायब्रीड. बॅटरीवर चालणारी नव्या जमान्यातली हायब्रीड ती वेगळी. आपली ही चार घरची मिळून एक झालेली.

यात आपला दोष नाही. महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. पुढे पुजोचे डिझेल इंजिन आले, चार गिअरचे बॉक्स आले, ८० इंच व्हीलबेसच्या गाडीबरोबर ९१ इंचांचीही आली. एकीचे सामान दुसरीला बसते म्हटल्यावर मिस्त्री बसवणारच. गाडी चालली, शेतकऱ्याचे काम भागले.

अडचण येते ती प्रोपेलर शाफ्ट गेल्यावर. तुम्ही दुकानात जाता आणि सांगता, "अमुक मॉडेलचा शाफ्ट द्या." दुकानदार आर. सी. बुकातल्या नावाप्रमाणे देतो. त्याचे चुकले नाही. पण तुमच्या जीपमध्ये शाफ्टची दोन टोके ज्या दोन वस्तूंना जोडायची, त्या दोन्ही मुळी त्या मॉडेलच्या नाहीतच. मग बोल्ट बसत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे कसेबसे बसतात.

कसेबसे बसले तर काय होते?

रोटाव्हेटरचा पी.टी.ओ. शाफ्ट तुम्ही रोज बघता. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि त्याच्याजवळ आपण पोराला उभे राहू देत नाही. आता जीपचा हिशेब करा. ८० इंची जुन्या जीपच्या हौसिंगचे प्रमाण ५.३८ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेपाचच्या आसपास फेरे. ६.००-१६ टायरवर ताशी ६० किलोमीटर वेग धरला तर शाफ्ट मिनिटाला २३०० च्या वर फेरे घेतो. पी.टी.ओ.च्या चौपट! आणि हे सगळे बसलेल्या माणसांच्या पायाखाली.

अशा वेगात पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचे टोक खाली पडते आणि रस्त्यात रुतते. मग गाडी त्या टोकावर उचलली जाते, उलटूही शकते. बाजाराच्या दिवशी मागे कांद्याची पोती अन् पोत्यांवर चार माणसे असतील, तर पुढचे सांगायला नको.

माप कसे घ्याल?

पहिली गोष्ट, चेसिसला जॅक लावून माप घेऊ नका. जॅकवर हौसिंग खाली लोंबते, पाटे उघडतात आणि अंतर बदलते. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करा. नेहमी जेवढा माल भरता तेवढा भरून मापा, रिकामी करून पुन्हा मापा. ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या तोंडापासून हौसिंगच्या फ्लँजच्या तोंडापर्यंतचे अंतर घ्यायचे. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

शाफ्टला सरकता सांधा असतो, तो या फरकासाठीच. भरलेल्या गाडीतही तो आणखी इंचभर आत जाऊ शकला पाहिजे. नाहीतर खड्ड्यात चाक आपटले की शाफ्ट घणासारखा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. उलट चाक लोंबले तरी सांध्याचे दात दांड्याच्या जाडीइतके तरी एकमेकांत राहिले पाहिजेत.

दुसरी गोष्ट फ्लँजची. बोल्ट चार, एवढ्यावर भागत नाही. समोरासमोरच्या भोकांमधले अंतर, भोकाची जाडी आणि मधल्या उंचवट्याचा व्यास ही तिन्ही मापे लागतात. सोपा उपाय सांगतो. फ्लँजला ग्रीस चोळा, त्यावर पुठ्ठा दाबा आणि उठलेला छाप दुकानात घेऊन जा. दोन्ही टोकांचे छाप वेगवेगळे घ्या, कारण खिचडी गाडीत दोन टोके सारखी असतीलच असे नाही.

तिसरी गोष्ट क्रॉसची. इथे भलेभले फसतात. स्पायसर १३१० आणि १३३० या दोन्ही क्रॉसच्या वाटीचा व्यास एकच आहे, सुमारे २७ मिलिमीटर. पण एका वाटीपासून समोरच्या वाटीपर्यंतची लांबी पहिल्यात जवळपास ८२ मिलिमीटर, तर दुसऱ्यात ९२. वाटी बसली म्हणजे क्रॉस बसला असे नव्हे. व्हर्निअर लावून दोन्ही मापे घ्या. शाफ्ट एका मापाचा अन् फ्लँज दुसऱ्या मापाची निघाली, तर दोन बाजूंना दोन मापांचे जोडक्रॉसही मिळतात. घासून-ठोकून बसवायची गरज नाही.

कोन विसरू नका

मोठे इंजिन किंवा बॉक्स बसवला की ट्रान्सफर केस मागे सरकते. शाफ्ट आखूड होतो आणि उतार वाढतो. २४ इंचांत ६ इंच उतरणारा शाफ्ट १४ अंशांत असतो, तेच ६ इंच १८ इंचांत उतरायचे तर १८ अंशांच्या वर जातो. क्रॉसचा स्वभाव असा, की कोनात फिरताना तो एकसारखा फिरत नाही. १० अंशांत दीड टक्का मागेपुढे, २० अंशांत सहा टक्के, आणि तेही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. एका टोकाचा हा झोल दुसऱ्या टोकाने फेडायचा असतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांची शिंगे एका रेषेत हवीत. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा घेतला तर कोन घरीच मोजता येतो. शाफ्ट उघडण्याआधी सरकत्या सांध्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे जोडताना दात चुकत नाही.

हवा तो शाफ्ट तयार मिळाला नाही, तर नवी नळी टाकून करून घ्या. पण चौकातल्या वेल्डिंगवाल्याकडे नको. ट्रकच्या शाफ्टची कामे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये जा. तिथे नळी सरळ आहे का ते पाहून वेल्डिंग करतात आणि बॅलन्सिंगही होते. बॅलन्सिंग न केलेला शाफ्ट आज नुसता थरथरतो, पण पुढे बेअरिंग, सील आणि बॉक्स घेऊन जातो. पुढच्या टोकाखाली चेसिसला जाड पट्टीची कडी मारून घ्या. जॉइंट तुटलाच तर शाफ्ट कडीत अडकेल, रस्त्यात रुतणार नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेबांसाठी

ग्रामपंचायतीकडे अशी जुनी गाडी असेल, तर कोटेशन मागवताना नुसते मॉडेलचे नाव लिहू नका. लांबी, फ्लँजची मापे आणि क्रॉसची मापे लिहा. नाहीतर सगळ्यात स्वस्त कोटेशनचा शाफ्ट येईल आणि गोदामात गंजत पडेल. दुसरे असे, की मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. इंजिन बदललेले असेल तर आर. सी. बुकात तशी नोंद आहे का, ते आधी पाहा. अपघातानंतर विम्याची कागदपत्रे काढून बसण्यापेक्षा हे बरे.

आणि वाचकहो, शाफ्ट सांगून जातो. क्लच सोडताना खट् वाजते, हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव येते, क्रॉसच्या वाटीभोवती तांबडी भुकटी दिसते. यातले एक जरी दिसले, तरी बाजार एक आठवडा पुढे ढकला. कांदा आठवडाभर चाळीत राहील, मागे बसणारी माणसे मात्र तुमच्या भरवशावर बसतात.