शौचपात्राचा फ्लँज

शौचपात्राचा फ्लँज : चिनी मातीचे बैठे शौचपात्र जमिनीवर पक्के बसविणारे व त्यास खालच्या मलवाहक नळाशी जोडणारे कडे. ही रचना मुख्यतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील घरांत आढळते. महाराष्ट्रात पात्राचे तोंड बहुधा सिमेंटने नळास जोडतात. त्यामुळे असा वेगळा फ्लँज सहसा नसतो.

जुन्या घरांतील फ्लँज बिडाचा किंवा पितळेचा असतो. बिडाच्या नळावर तो बसवून सांध्यात डांबरयुक्त ताग ठासतात व वर वितळलेले शिसे ओततात. पितळी फ्लँज शिशाच्या वाकड्या नळास डाख देऊन जोडलेला असतो. फ्लँजच्या खाचांतून वर येणारे दोन बोल्ट पात्रास धरून ठेवतात. पात्र व फ्लँज यांमध्ये दाबले जाणारे मेणाचे वळे सांधा जलाभेद्य व वायुरोधी करते.

पात्राच्या वळणात साचून राहणारे पाणी गटारातील वायू अडविते. परंतु फ्लँज या पाण्याच्या पलीकडे, नळाच्या बाजूस असतो. त्यामुळे येथील सांधा सुटल्यास हा अडसर निरुपयोगी ठरतो. हायड्रोजन सल्फाइडासारखे वायू खोलीत शिरतात आणि दूषित पाणी जमिनीत मुरून लाकडी तक्तपोशी कुजते.

ओलावा, मूत्रातील लवणे व पात्राच्या थंड पृष्ठावर जमणारे दवबिंदू यांमुळे बीड गंजते. खाचेची कड तुटली की बोल्ट सैल होतो व पात्र डुलू लागते. एकदा दबलेले मेण पुन्हा फुगत नाही. म्हणून डुलणाऱ्या पात्राचे बोल्ट नुसते आवळल्याने सांधा पूर्ववत होत नाही. उलट, पात्रास तडा जाण्याची भीती असते.

दुरुस्तीसाठी पाणी बंद करून टाकी व पात्र रिकामे करतात, पात्र उचलतात, नळाच्या तोंडात फडक्याचा बोळा घालतात आणि जुने मेण खरवडून काढतात. पुढील उपाय हानीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. एकच खाच तुटली असल्यास तीखाली धातूची दुरुस्तीपट्टी सरकवितात. कड सर्वत्र झिजली, पण नळ व जमीन शाबूत असल्यास अगंज पोलादाचे कडे वर ठेवून ते स्क्रूंनी जमिनीत पक्के करतात. फ्लँज पूर्णपणे निकामी झाल्यास सांध्यातील शिशास भोके पाडून ते उचकटतात व नवा फ्लँज बसवितात. नळाच्या आत रबरी वायसर फुगवून घट्ट बसणारा फ्लँज वापरल्यास शिसे पुन्हा ओतावे लागत नाही. शिशाचा वाकडा नळ झिजला असल्यास तोही बदलावा लागतो. शिसे विषारी असल्याने त्याची धूळ श्वासावाटे आत जाऊ न देण्याची व काम संपल्यावर हात धुण्याची दक्षता घेतात. लाकूड कुजलेले असल्यास ते आधी बदलणे अत्यावश्यक असते; अन्यथा स्क्रूंना पकड मिळत नाही.

फ्लँज तयार जमिनीवर टेकलेला, म्हणजे तिच्या पृष्ठापासून सुमारे ६ मिमी. वर असावा. तो खोल गेल्यास मेणाचा दाब अपुरा पडतो. अशा वेळी जोडकडे घालून उंची वाढवितात. मेणाचे वळे प्रत्येक वेळी नवे घेतात. पात्र सरळ खाली ठेवून दोन्ही बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळतात. जमीन असमान असल्यास पात्राखाली पाचरी घालतात. शेवटी अनेकदा पाणी सोडून तळाशी ओल येत नाही, याची खात्री करतात.