सर्कशीची आगगाडी आणि आपली शकुंतला

सर्कस आगगाडीने गावोगाव फिरायची, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. अमेरिकेत १८७२ साली बार्नम यांच्या सर्कशीने स्वतःच्या डब्यांची गाडी करून दौरे सुरू केले. पुढे रिंगलिंग ब्रदर्सची सर्कस नव्वद-शंभर डबे घेऊन निघू लागली. एवढी लांब गाडी एकदम नेता येत नाही, म्हणून तिचे तीन-चार भाग करून ते एकामागून एक सोडत. पहिल्या भागात भटारखान्याचे सामान, कलावंतांचे झोपायचे डबे बहुतेक शेवटच्या भागात. आपल्याकडे दावतीच्या आधी देग आणि बावर्ची पोहोचतात, पाहुणे नंतर येतात, तसाच हा हिशेब.

या सर्कशीत एक मराठी माणूसही होता. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबट्यांना शिकवण्यात वाकबगार होते. १९४० नंतर त्यांनी रिंगलिंगच्या रिंगणात नाव कमावले. त्याच्या कितीतरी आधी, १८८० साली, विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत खेळ करून हिंदी सर्कशीचा पाया घातला होता. तेव्हा सर्कस हा आपल्यालाही परका विषय नाही.

रिंगलिंगची गाडी मे २०१७ मध्ये कायमची थांबली. तरी ती आजही पाहता येते, फक्त लहान आकारात. हॉवर्ड टिबल्स नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी जुन्या सर्कशीची हुबेहूब प्रतिकृती करण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. मूळ वस्तूच्या सोळाव्या हिश्शाएवढे हे माप. त्यात आठ मोठे तंबू, १५२ गाडे, आठशेहून अधिक प्राणी आणि ५७ डब्यांची आगगाडी आहे. रिंगलिंग कंपनीने आपले नाव वापरू दिले नाही, तेव्हा त्यांनी सर्कशीला ‘हॉवर्ड ब्रदर्स’ असे स्वतःचेच नाव दिले आणि काम चालू ठेवले. फ्लोरिडातल्या सारासोटा शहरी, रिंगलिंगच्याच नावाच्या संग्रहालयात, आता ही प्रतिकृती मांडलेली आहे.

अशा छंदात खरी परीक्षा असते ती क्रमाची. सर्कशीचे गाडे सपाट, उघड्या वाघिणींवर एका टोकाकडून चढवत. दोन वाघिणींच्या मधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकत आणि गाडे एकीवरून दुसरीवर ढकलत नेत. कोणता गाडा आधी चढला आणि कोणता आधी उतरला, हे ठाऊक नसेल तर प्रतिकृती नुसते खेळणे होते. म्हणून हे छांदिष्ट जुने फोटो पाहतात, म्हाताऱ्या कामगारांना गाठतात, मापे टिपून ठेवतात. गाडी गेली, पण तिचे काम कसे चालायचे ते कागदावर उरले.

आता अंजनगाव सुर्जीकडे पाहू. मूर्तिजापूर ते अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट असा जातो. किलिक निक्सन कंपनीच्या काळात वऱ्हाडचा कापूस नेण्यासाठी घातलेला हा लोहमार्ग. ‘शकुंतला’वर मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल आले. गेल्या दशकात गाडी बंद पडली. मार्ग ब्रॉडगेज व्हावा अशी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. रुग्णाला, विद्यार्थ्याला, शेतकऱ्याला वेगाची गाडी हवी. पण रुंदीकरण झाले की जुने रूळ उचलले जातील. मग शकुंतला कशी होती, हे सांगणारे फक्त आपले दादा-दादी, नाना-नानी राहतील. त्यांच्याकडून हे आजच विचारून घ्यायला हवे.

आमची सूचना साधी आहे. येत्या सुटीत घरातल्या मुलामुलींनी आपल्या स्टेशनची प्रतिकृती करावी. माप १ ला ५० घ्यावे, म्हणजे खऱ्या एका मीटरला दोन सेंटिमीटर. दोन मीटरचा दरवाजा चार सेंटिमीटरचा होतो. शकुंतलेच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर. ते दीड सेंटिमीटर येते. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, स्लीपरसाठी आगपेटीच्या काड्या, डिंक आणि पट्टी एवढे सामान पुरे. पुढे हौस वाढली तर बाजारात मिळणारा एचओ मापाचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, तो जवळपास बसतो. पुण्याला जाणे झाले तर कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवावे. १९९८ पासून ते चालू आहे.

काही घरांत प्रश्न येईल : माणसांच्या, प्राण्यांच्या आकृती करणे योग्य का? हजरत आयेशा (रजि.) यांच्या लहानपणच्या खेळण्यांत पंखांचा घोडा होता आणि तो पाहून पैगंबर (स.) हसले, अशी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिच्या आधारे मुलांच्या खेळण्यांना अनेक उलमांनी मुभा दिली आहे, काहींचे मत वेगळे आहे. ज्यांच्या मनाला हे पटत नाही त्यांनी आकृती करू नयेत. डबे, फलाट, तिकीट खिडकी, कापसाच्या गाठी एवढ्यानेही स्टेशन पुरे होते.

पुठ्ठा कापण्याआधी मात्र वही काढावी. गाडी किती वाजता यायची? डब्याचा रंग कोणता होता? बायका कुठे बसायच्या? मालधक्क्यावर काय चढायचे, पानाच्या करंड्या की कापूस? हमालीवर कुणाचे घर चालायचे? दादीला विचारले तर ती माहेरी जाण्याचा प्रवास सांगेल, नाना तिकिटाचे पैसे सांगतील. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही लिहून ठेवावा.

टिबल्स यांच्याकडे वेळ होता, पैसा होता. आपल्याकडे ती गाडी रोज पाहिलेली माणसे आहेत, पण ती दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याजवळ वही-पेन्सिल घेऊन बसायला एक दुपार पुरते. मुलांनी केलेल्या स्टेशनाचे फोटो आणि त्या वहीची पाने आमच्याकडे जरूर पाठवावीत. इन्शाअल्लाह, ती छापायला आम्हाला आनंद वाटेल.