अलंकारातील मंगलचिन्हे : तिबेटी पदक आणि कोल्हापुरी साज

गेल्या वर्षावासात एका रविवारी विहारातील ग्रंथवाचन आटोपल्यावर एक उपासिका माझ्यापाशी थांबल्या. मुंडगोडची तिबेटी वसाहत पाहून परतताना त्यांनी चांदीचे एक पदक विकत आणले होते. मध्यभागी गाठीची नक्षी, भोवती पिरोज्याचे निळे आणि पोवळ्याचे तांबडे खडे, मागच्या बाजूस उघडता येईल असे बारीक झाकण. सुनेने ते गळ्यात घातले तेव्हा घरातील वडीलधाऱ्या उपासकांनी हरकत घेतली. बाबासाहेबांनी आपल्याला गंडे-दोरे सोडायला लावले आणि तुम्ही आता तिबेटचा ताईत बांधता काय, असा त्यांचा सवाल होता. हे पदक बौद्धांचे की तो ताईतच, एवढेच त्या उपासिकेला विचारायचे होते. मी त्या वेळी दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. प्रस्तुत लेख त्या उत्तराची पूर्तता होय.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडची वसाहत 1966 मध्ये स्थापन झाली. तिबेटमधून परागंदा झालेल्या भिक्षूंनी गांदेन आणि ड्रेपुंग ही आपली महाविहारे तेथे पुन्हा उभी केली. कोल्हापूरहून बेळगाव-हुबळीमार्गे तेथे सहज जाता येत असल्याने आपल्याकडील उपासक आवर्जून जातात आणि येताना काहीतरी खरेदी करून आणतात. त्या खरेदीत बहुधा एखादे मंगलचिन्ह असतेच.

तिबेटी परंपरेत ही चिन्हे आठ आहेत : छत्र, सुवर्णमत्स्यांची जोडी, निधिकुंभ, कमळ, उजव्या वळणाचा शंख, अखंड ग्रंथी, विजयध्वज आणि धम्मचक्र. तिबेटी भाषेत त्यांना 'ताशी तग्ये' म्हणजे अष्टमंगल म्हणतात. यांतील एकही चिन्ह मूळचे तिबेटचे नाही. उपासिकेच्या पदकावरील गाठीला तिबेटी लोक 'पलबेउ' म्हणतात. हा शब्द संस्कृतातील 'श्रीवत्स' या शब्दाचे तिबेटी भाषांतर आहे. नाव येथून गेले. आकृती मात्र वाटेत बदलली. प्राचीन भारतीय शिल्पातील श्रीवत्स गाठीसारखा दिसत नाही. तिबेटात त्याला आदि-अंत नसलेल्या गुंफणीचे रूप आले आणि त्यातून प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ वाचला जाऊ लागला. प्रत्येक धागा दुसऱ्याच्या आधाराने वळतो, सुटा असा एकही नाही. पालि निकायांतील पटिच्चसमुप्पादाचा अर्थ एका आकृतीत सांगायचा झाल्यास याहून नेमकी आकृती मला तरी सुचत नाही.

मंगलचिन्हे अलंकारात ओवण्याची प्रथा किती जुनी आहे याचा पुरावा सांचीला दगडातच कोरलेला आहे. महास्तूपाच्या उत्तर तोरणाच्या खांबावर दोन माळा कोरल्या आहेत. एकीत अकरा मंगलचिन्हे आहेत, दुसरीत तेरा. त्यांत कमळ आहे, चक्र आहे, श्रीवत्स आहे आणि माशांची जोडीही आहे. तिबेटात बौद्ध धम्म राजाश्रयाने रुजला त्याच्या कितीतरी शतके आधीची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ही कारागिरी होय. याच स्तूपाच्या दक्षिण तोरणावरील लेखांत सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे नाव येते आणि विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी तेथील कोरीव काम केल्याची नोंद आहे. दागिन्याइतके नाजूक काम करणारे हात दगडाकडे वळले, तेव्हा त्यांनी दगडातही माळच ओवली.

आता आपल्या घराजवळ येऊ. कोल्हापुरी साज सर्वांच्या परिचयाचा आहे. परंपरेने साजात एकवीस पाने सांगितली जातात. त्यांतील दहा दशावतारांची आणि आठ अष्टमंगलाची. सोनारागणिक पाने बदलतात, पण मासा, कासव, शंख, कमळ, बेलपान ही नेहमीची. सांचीची माळ आणि साज यांतील साम्य डोळ्यांत भरणारे आहे. मात्र साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. 'साज मूळचा बौद्धांचाच' असे छातीठोक विधान करण्याचा मोह आपल्यातील काही लेखकांना होतो, तो मला मान्य नाही. मंगलचिन्हे ही प्राचीन भारतातील सर्व लोकांची सामाईक संपत्ती होती. मथुरेच्या जैन आयागपटांवरही ती आहेत.

तेव्हा खरा प्रश्न चिन्ह कोणाचे हा नसून ते कोणत्या अर्थाने धारण केले जाते हा आहे. मासाच घ्या. साजात तो मत्स्यावतार होतो आणि ज्या दहांत तो बसतो त्या दहांत बुद्धालाही नववा अवतार म्हणून बसवण्याची प्रथा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी याच कल्पनेला नाकारते. तिबेटी पदकावर मासे दोन असतात. मासा जसा खोल पाण्यात न बुडता, न भिता फिरतो, तसे संसारसागरात निर्भय असावे, असा त्यांचा अर्थ तिकडे सांगतात. प्राणी एकच, परंतु एक आपल्याला अवतारवादाच्या दारात नेऊन सोडतो आणि दुसरा अभयाची आठवण देतो.

पालि वाङ्मयाची याबाबतची भूमिका अनेकांना अनपेक्षित वाटेल. मंगलसुत्ताच्या अट्ठकथेत हे सुत्त का सांगितले गेले याची कथा आहे. मंगल म्हणजे काय यावर लोकांत बारा वर्षे वाद चालला. एक पक्ष म्हणे, जे पाहिल्याने शुभ घडते ते मंगल. त्याने दिलेल्या यादीत बेलाची कोवळी फांदी आहे, पाण्याने भरलेला घट आहे आणि ताजा रोहित मासाही आहे. म्हणजे आपल्या साजातील आणि तिबेटी अष्टमंगलातील काही चिन्हे त्या यादीत जशीच्या तशी आहेत! तथागतांनी या वादाला जे उत्तर दिले त्यात परंपरेने अडतीस मंगले मोजली जातात. मूर्खांची संगत टाळणे, आई-वडिलांची सेवा, हस्तकौशल्य, क्षमा, धम्मचर्चा. त्यांत गळ्यात बांधण्याची एकही वस्तू नाही.

मग बौद्धांनी ही चिन्हे स्वीकारली कशी? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक लहानसा प्रसंग आहे. तथागतांना उपदेश करताना शिंक आली. भिक्षूंनी मोठ्याने दीर्घायुष्य चिंतले आणि त्या गोंगाटात उपदेश खंडित झाला. असे म्हटल्याने कोणी जगतो वा मरतो काय, असे विचारून तथागतांनी ती प्रथा बंद केली. पुढे गृहस्थ 'चिरंजीव व्हा' म्हणत तेव्हा भिक्षू गप्प राहू लागले आणि लोक नाराज झाले. तेव्हा गृहस्थांना मंगलाची आवड असते हे ओळखून त्यांना उलट शुभचिंतन करण्याची अनुमती तथागतांनी दिली. समजूत नाकारली, सौजन्य राखले. सांचीच्या माळा या अनुमतीच्या सावलीत उभ्या राहिल्या असाव्यात, असे मला वाटते.

तिबेटी अलंकारांतही दोन प्रवाह एकत्र वाहतात आणि ते वेगळे करूनच पाहिले पाहिजेत. मागे झाकण असलेल्या पेटीवजा पदकाला 'गाउ' म्हणतात. त्यात मंत्र छापलेला कागद, एखाद्या लामाच्या वस्त्राचा तुकडा, लहानशी प्रतिमा असे काही ठेवतात आणि प्रवासात ती पेटी रक्षण करते असे मानतात. हा ताईतच होय. तो बौद्धांनी बांधला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. 'झी' नावाच्या डोळेदार अकीक मण्यांविषयीही तेच. ते आकाशातून पडले अशी तिबेटी लोकसमजूत आहे. मणी सुंदर असतात, समजूत धम्माबाहेरची आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी चमत्कारांवरील विश्वासाला धम्म म्हणण्यास स्पष्ट नकार दिला आहे.

वज्राची गोष्ट मात्र निराळी. अंगठ्यांवर व पदकांवर हे चिन्ह वारंवार दिसते आणि आपले लोक त्याला तांत्रिक म्हणून दूर सारतात. वज्रयानात ते अभेद्यतेचे चिन्ह आहे. पण पालि वाचकाला ते दीघनिकायातील अम्बट्ठसुत्तात आधीच भेटलेले असते. अम्बट्ठ हा ब्राह्मण तरुण जातीच्या घमेंडीत शाक्यांना हीन म्हणतो. तथागत त्याला त्याच्याच कुळाचा मूळपुरुष कोण असे विचारतात आणि तो गप्प बसतो. तेव्हा वजिरपाणि यक्ष धगधगते लोखंडी वज्र घेऊन त्याच्या डोक्यावर उभा राहतो. मग अम्बट्ठाला कबूल करावे लागते की, त्याचे कुळ एका दासीपुत्रापासून निघाले आहे. यक्षाला शब्दशः घेण्याचे कारण नाही. जातीच्या घमेंडीला उत्तर देणे भाग पडते, हा त्याचा अर्थ पुरे.

दागिना ही आपल्या समाजात कधीच केवळ हौसेची बाब नव्हती. 1928 मध्ये इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या नियमांत, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, हा एक नियम होता. बाबासाहेबांनी 1936 च्या आपल्या सुप्रसिद्ध, प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात तो नमूद केला आहे. त्याआधी डिसेंबर 1927 मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी गळसऱ्या आणि चांदी-कथिलाचे भाराभर दागिने टाकून देण्यास सांगितले, कारण त्यांवरून अस्पृश्यता दुरूनच ओळखू येई. अंगावरच्या वस्तूवरून दुसरा आपल्याविषयी काय वाचतो, हे त्यांनी आपल्या आयाबायांना शिकवले. ज्यांच्या आजीच्या गळ्यात त्या गळसऱ्या होत्या, त्या घरातील सुनेने काय घालावे हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

त्या उपासिकेला मी आता असे सांगेन. झाकण उघडून पाहा. आत मंत्राचा कागद असेल तर तो काढून ठेवा आणि घालणाऱ्याला विचारा की, पदक घरी राहिले तर तिला भीती वाटते काय. वाटत असेल तर ते बाहेरून कितीही बौद्ध दिसो, ताईतच आहे. वाटत नसेल आणि गाठीचा अर्थ तिला सांगता येत असेल, तर वडीलधाऱ्यांनी हरकत घेऊ नये. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेताना इतर अलंकारांबरोबर तेही उतरवायचे आहे, एवढे तिच्या कानावर घालावे.

विशाखेनेही आपला महालता अलंकार असाच विहारात जाताना उतरवला होता. धम्मपदाच्या अट्ठकथेनुसार त्याची किंमत नऊ कोटी होती आणि मस्तकावरील भागात रत्नजडित मोर होता. एकदा दासी तो विहारातच विसरली आणि आनंदाने उचलून जपून ठेवला. भिक्षूच्या हाताला लागलेला अलंकार परत घालायचा नाही, असे विशाखेने ठरवले. विकायला काढला तर एवढी किंमत देणारा कोणी मिळेना. शेवटी तिने स्वतःच ती रक्कम भरली आणि त्या पैशातून श्रावस्तीच्या पूर्वेला भूमी घेऊन पुब्बाराम विहार बांधला.