कंठीरवातील ती दोन गुणांची आघाडी

बंगळुरूच्या कब्बन उद्यानानजीकचे श्री कंठीरव बंदिस्त क्रीडागृह आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. २०१७ च्या जुलै महिन्यात तेथे महिलांची आशियाई करंडक बास्केटबॉल स्पर्धा झाली. अव्वल गटात जपानने ऑस्ट्रेलियाला ७४-७३ असे नमविले, तर ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानवर ७५-७३ अशी मात केली. दोन गुण म्हणजे अवघी एक साधी बास्केट! त्या एका बास्केटवर भारताचा अव्वल गटातील प्रवेश अवलंबून होता.

या विजयी संघाच्या कर्णधार होत्या चेन्नईच्या अनिता पॉलदुराई. वय बत्तीस वर्षे, आणि नुकतेच मातृत्व लाभलेले. प्रसूतीनंतर मैदानावर परतणे कोणत्याही खेळात कष्टाचेच. बास्केटबॉलमध्ये ते अधिकच कठीण. दहा-दहा मिनिटांचे चार डाव, प्रत्येक आक्रमणास चोवीस सेकंदांची मुदत, क्षणोक्षणी उडी आणि माघारी धाव. गुडघे, कंबर आणि श्वास या तिघांचीही येथे कसोटी लागते. अशा वयात व अशा अवस्थेत बहुतेक खेळाडू निरोपाचा विचार करतात. अनितांनी पुनरागमन केले, आणि ते सुवर्णपदकानेच साजरे झाले.

२००० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या भारतीय संघात आल्या. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे कर्णधारपद सोपविण्यात आले. इतक्या लहान वयात वरिष्ठ महिला संघाचे नेतृत्व त्यांच्यापूर्वी कोणी केले नव्हते. सलग नऊ आशियाई अजिंक्यपद स्पर्धा खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ही स्पर्धा साधारणतः दोन वर्षांनी एकदा होते, हे ध्यानी घेतले म्हणजे नऊ या आकड्याचे मोल कळते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतील त्यांच्या पदकांची संख्या तीस आहे. क्रिकेटमध्ये अशी कारकीर्द झाली असती तर शाळकरी मुलांनाही हे आकडे तोंडपाठ असते!

अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूप्रमाणे आपल्याकडील बास्केटबॉलपटूचा चरितार्थ केवळ संघाच्या मानधनावर चालत नाही. तो चालतो नोकरीवर. अनिता दक्षिण रेल्वेच्या सेवेत होत्या. रेल्वे, पोलीस दल, तेल कंपन्या आणि बँका यांनीच हा खेळ भारतात जगविला. बंगळुरूत मुख्यालय असलेल्या विजया बँकेचा बास्केटबॉल संघ क्रीडारसिकांच्या परिचयाचा होता. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. दिवसा खातेवहीत डोके घालून सायंकाळी सराव करणारा सहकारी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दुहेरी जीवनाची ओढाताण निराळी सांगावयास नको. रजा, बदली, पदोन्नती, आणि त्यात राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे!

२०१७ च्या त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती, ही मराठी वाचकांना विशेष आनंदाची बाब. ज्येष्ठ कर्णधाराच्या सोबतीला असलेल्या तरुण पिढीची ती प्रतिनिधी. पुढे तीही महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी झाली. म्हणजे पुन्हा नोकरी आणि खेळ यांची तीच जोडी.

बंगळुरूतील त्या यशानंतर अनितांची अठरा वर्षांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. अव्वल गटाचा प्रवास मात्र भारतासाठी खडतर ठरला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये हीच स्पर्धा पुन्हा बंगळुरूत भरली, तेव्हा यजमान संघास आठांपैकी आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. समोर जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, कोरिया असे मातब्बर संघ होते. त्या पंक्तीत भारतास स्थान मिळाले होते, ते दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात मिळविलेल्या दोन गुणांच्या आघाडीमुळे.