शिवणकाम आणि वाकळेच्या व्यवसायासाठी इस्त्री कशी निवडायची?



शिलाई मशीनच्या व्हिडिओनंतर पेठ वडगावच्या बॅचमधल्या एका ताईंनी विचारलं, "सर, मशीनचं कळलं. पण इस्त्री वेगळी कशाला? घरात आहे की एक!"

प्रश्न साधा आहे, पण त्यावर आधीच्या बॅचमधल्या दुसऱ्या एका ताईंचा अनुभव सांगतो. त्यांनीही घरचीच स्टीम इस्त्री वापरली. टाकीत बोअरचं पाणी भरायच्या. एके दिवशी ग्राहकाच्या क्रीम रंगाच्या ब्लाउजवर शेवटची इस्त्री फिरवताना वाफेबरोबर पिवळट पाणी गळलं. डाग काही गेला नाही. शिलाई बुडाली आणि कापडाचे ७०० रुपये पदरचे भरावे लागले. त्या ग्राहक बाईंच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न होतं. ते सगळं काम दुसरीकडं गेलं.

म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेलं आज इथं नीट, एकेक करून सांगतो.

घरची इस्त्री आणि धंद्याची इस्त्री

घरी आपण तयार कपड्याची सुरकुती काढतो. शिवणकामात प्रत्येक टप्प्यावर इस्त्री लागते. कापड कापायच्या आधी, शिवण उघडताना, पट्टी दुमडताना, पेस्टिंग चिकटवताना आणि शेवटी फिनिशिंगला. गळ्याची पट्टी शिवून तशीच उलटली तर ती फुगते. दाबून उलटली तर कडक बसते. ग्राहक "हात साफ आहे" म्हणतो, त्यात निम्मं काम इस्त्रीचं असतं.

१. वजन बघा

बाजारात हलक्या इस्त्रीची जाहिरात जास्त असते. घरकामाला ती ठीक आहे. पण शिवण बसवायला दाब लागतो. इस्त्रीला स्वतःचं वजन नसेल तर तो दाब तुमच्या मनगटातून द्यावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत खांदा दुखतो. दुकानात 'हेवी वेट' साधी इस्त्री मागा. हातात घेऊन दोन मिनिटं उचल-ठेव करून बघा. दाब द्यायचं काम तिनं करावं, पण उचलताना तुम्हाला त्रास होऊ नये, इतपत वजन योग्य.

२. वॅट आणि घरातला प्लग

हा हिशेब सोपा आहे. वॅटला २३० व्होल्टनं भागा, अँपिअर मिळतात. १,००० वॅटची इस्त्री साधारण ४.३ अँपिअर ओढते. घरातल्या ६ अँपिअरच्या लहान प्लगला ती चालते. १,५०० वॅटची इस्त्री साडेसहा अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचा मोठा पॉवर प्लगच पाहिजे. लहान प्लगवर, वर एक्स्टेन्शन बोर्ड लावून ती चालवली तर प्लग तापतो, वास येतो, वायर वितळते. आणि शेजारीच कापडाचा ढीग असतो, हे विसरू नका. अर्थिंग असलेलीच तीन पिनांची जोडणी वापरा.

३. तापमानाचं बटण

बटणावरचे ठिपके नुसते शोभेचे नाहीत. एक ठिपका म्हणजे तळाचं तापमान जास्तीत जास्त ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस. नायलॉन, अ‍ॅक्रिलिकला एक. पॉलिएस्टर, रेशीम, लोकरीला दोन. सुती कापडाला तीन.

गांधीनगरहून घाऊक आणलेल्या कापडात पॉलिएस्टर किती मिसळलंय, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कापडाचे दोन धागे काढून सुरक्षित जागी चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी बनतो. दोन्ही खुणा दिसल्या तर कापड मिश्र आहे, बटण दोन ठिपक्यांवरच ठेवा. तरीही पहिली इस्त्री नेहमी कात्रणावर.

४. स्टीम की साधी?

सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला: आधी चांगली जड साधी इस्त्री घ्या. वाफ पाहिजे तेव्हा सुती फडकं ओलं करून पिळा, कापडावर पसरा आणि वरून दाबा. ओल्या फडक्यातून तयार होणारी वाफ बऱ्याच कामांना पुरते. पाण्याची फवारणी बाटली जवळ ठेवली की झालं. गळणारी टाकी नाही, डाग नाही.

पेस्टिंगलाही साधी इस्त्री बरी. स्टीम इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, तिथं दाब पडत नाही आणि चिकट थर एकसारखा बसत नाही. पेस्टिंगवर इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दहा-पंधरा सेकंद दाबायची, उचलून पुढं ठेवायची.

काम वाढलं, रोजचे पाच-सहा ड्रेस निघायला लागले, की वर पाण्याची बाटली टांगलेली स्टीम इस्त्री घ्या. पण त्यात बोअरचं पाणी चालणार नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साठतात आणि एक दिवस कापडावर उतरतात. वरच्या ताईंचं तेच झालं होतं. डिस्टिल्ड वॉटर वापरा. आणि इस्त्री पूर्ण तापायच्या आधी वाफेचं बटण दाबू नका, पाणी तसंच गळतं.

५. वाकळ, गोधडी करणाऱ्यांसाठी

आपल्याकडं जुन्या लुगड्यांची वाकळ घरोघरी होती. आता तीच डिझाइन करून विकता येते, पण ग्राहक तुकड्यांचे कोपरे जुळलेत का ते बघतो. ते कोपरे इस्त्रीनं जुळतात.

- इचलकरंजीचं सुती कापड आपल्याला हाकेच्या अंतरावर. पण कोरं सुती कापड आटतं. आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा.
- दोन तुकडे जोडले की शिवण आहे तशी एकदा दाबा. मग दोन्ही मार्जिन गडद कापडाच्या बाजूला वळवून पुन्हा दाबा. पांढऱ्या कापडाखालून गडद कड दिसणार नाही.
- उरेब कापलेल्या तुकड्यावर इस्त्री ओढू नका. तुकडा ताणतो, चौकोनाचा पतंग होतो. उचला आणि ठेवा.
- आत पॉलिएस्टर फायबर शीट घालणार असाल तर वरचा थर आधीच इस्त्री करून घ्या. तयार वाकळेवर गरम इस्त्री ठेवली तर आतलं फायबर चपटं होतं आणि ऊब जाते.

६. आयएसआय मार्क

इस्त्रीसाठी भारतीय मानक आहे. नुसता छापलेला मार्क बघून थांबू नका. त्याच्याजवळ सीएम/एल आणि पुढं आकडे असतात. मोबाइलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो नंबर टाका. कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का, ते तिथं दिसतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम आहे. बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.

७. इस्त्रीचा खर्च दरात धरा

इथं बहुतेक जण चुकतात. समजा इस्त्री १,८०० रुपयांची घेतली आणि तीन वर्षं, महिन्याला २५ दिवस वापरली. एकूण ९०० दिवस, म्हणजे रोजचे २ रुपये. १,००० वॅटची इस्त्री सलग एक तास वीज ओढेल तेव्हा एक युनिट जळतं. थर्मोस्टॅट मध्ये-मध्ये वीज तोडतो, म्हणून दोन तासांच्या कामाला समजा एक युनिट धरलं आणि दर ८ रुपये धरला, तर रोजचे एकूण १० रुपये. दिवसाला पाच ब्लाउज शिवले तर ब्लाउजमागे २ रुपये. तुमच्या बिलावरचा खरा दर घालून हाच हिशेब वहीत मांडा आणि शिलाईच्या दरात धरा. "इस्त्री काय, फुकटच" असं म्हणत वर्षभर काम केलं, तर या हिशेबानं ३,००० रुपये आपल्याच खिशातून गेले.

खरेदीच्या आधी एक चौकशी

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पात्र ठरलेल्यांना प्रशिक्षण, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजानं १ लाखापर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. नोंदणी चालू आहे का आणि तुम्ही बसता का, हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारा आणि मगच पैसे घाला.

आणि दुकानात जाताना पिशवीत तीन कात्रणं न्या: एक सुती, एक पॉलिएस्टर, एक जरीकाठाचं. इस्त्री लावून दाखवायला सांगा. जो दुकानदार "लावून बघा की ताई" म्हणतो, त्याच्याकडं घ्या.

ज्या ताईंचा ब्लाउज डागाळला होता, त्यांनी नंतर जड साधी इस्त्री घेतली. आता त्यांच्या टेबलावर ओलं फडकं, फवारणी बाटली आणि कात्रणांचा डबा कायम असतो. ग्राहकाच्या कापडावर त्यांची इस्त्री पहिली कधीच टेकत नाही, आधी कात्रणावर टेकते. तुम्हीही उद्यापासून तेवढं करा.